ड्रॅगनचा डावा पंख

चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता बायको सहज म्हणाली, "त्या टेलर मास्तरांचा हात काही हलत नाही बघ," आणि तो तितक्याच सहजपणे म्हणाला, "माझ्याकडे पाठव."

एवढंच झालं. पुढचे अडीच महिने त्या घरात जे काही घडलं, ते या दोन शब्दांमुळे घडलं.

आता 'माझ्याकडे पाठव' म्हणायला तो काही हाडांचा डॉक्टर नव्हता. तो पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो, कुठे वळतो, कुठे त्याला वॉल्व्ह आहे, हे कागदावर उतरवणं हे त्याचं काम. फिजिओथेरपिस्ट होती ती बायको. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना होता आणि तिथे तिचा शब्द चालायचा. मागच्या खोलीत मात्र त्याचं राज्य होतं. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी त्या खोलीत तो गेममास्तर असायचा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर (तो स्वतः कधीच थोडक्यात सांगत नसे) टेबलाभोवती तीन-चार माणसं बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी डोळ्यांतून वीज सोडणारा सुपरहिरो. गेममास्तर गोष्ट सांगतो, "समोर दरी आहे, पूल तुटलाय, काय करता?" खेळणारे काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी सगळं, म्हणजे राजा, राक्षस, ड्रॅगन, खानावळीचा मालक, त्या मालकाची खाष्ट सासू, वारा आणि धुकं, हे सगळं गेममास्तर एकटा असतो. समोर तो पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा करतो आणि त्याच्यामागे आपली गुपितं ठेवतो. त्याचा आडोसा ऑफिसच्या जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांचा होता. एका बाजूला अजून 'तातडीचे' असा शिक्का दिसायचा.

या कामाचा त्याला फार अभिमान होता. ड्रॅगनचा आवाज तो थेट पोटातून काढायचा. शेजाऱ्यांनी दोनदा येऊन पाण्याचा पंप नीट बसवून घ्या असं सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानं ती दाद समजून घेतली होती.

पण नेमकं त्या महिन्यात त्याचं टोळकं पांगलं. एकाची बदली झाली, एकाला जुळं झालं, आणि तिसऱ्यानं सकाळ-संध्याकाळ पळायला सुरुवात केली. (कशापासून, ते त्यानं सांगितलं नाही.) तीन रविवार गेममास्तर रिकाम्या टेबलाशी बसून फासे पुसत होता. तेव्हा 'माझ्याकडे पाठव' यात रुग्णसेवा किती आणि स्वार्थ किती, हे आपण न विचारलेलं बरं.

बायकोनं विचारलंच. "तुझ्याकडे कशाला? ड्रॅगन दाखवायला?"

"हाताला झालंय काय त्यांच्या?"

"काही झालेलं नाही, तेच तर. स्टुलावरून पडले, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, हाड जुळलं. एक्स-रे एकदम स्वच्छ. आता हात चालवायला हवा, तर ते चालवत नाहीत. बॉल दिला दाबायला, तर दहा मिनिटं बॉलकडे बघत बसतात. हात असा पोटाशी धरून, दुसऱ्याचं पार्सल सांभाळायला घेतल्यासारखा."

"फासा टाकायला मूठ वळवावी लागते," तो म्हणाला. "मनगट फिरवावं लागतं."

बायकोनं थोडा विचार केला. हसायचं की मान्य करायचं, असा तो विचार होता. शेवटी म्हणाली, "एकट्या माणसाला अवघडल्यासारखं होईल. आणखी दोघांना सांगते. पण गोष्ट चालू असताना व्यायाम झाला पाहिजे. नुसता चहा पिऊन गेले तर बघ."

रविवारी तिघं आले. टेलर मास्तर सगळ्यात मागे, हात पोटाशी. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, शर्टाला एक सुरकुती नाही. दुसऱ्या हेडबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघा नवा बसवलेला. तिसरे कंडक्टर. तीस वर्षं बसच्या दांडीला लटकून त्यांचा खांदा आखडला होता, आवाज मात्र अजिबात आखडला नव्हता.

बायकोनं नियम सांगितले. हेडबाईंनी प्रत्येक वेळी बोलताना खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं. कंडक्टरांनी फासा खांद्याच्या वरून टाकायचा. टेलर मास्तरांनी उजव्या हातानं टाकायचा. एवढं सांगून ती पुढच्या खोलीत गेली आणि दार अर्धं उघडं ठेवलं.

"तुम्हाला गेममास्तर म्हणतात म्हणे," हेडबाई उठून म्हणाल्या. "शिकवता काय तुम्ही?"

"शिकवत नाही. गोष्ट सांगतो."

"म्हणजे काहीच शिकवत नाही," असं म्हणून त्या बसल्या.

पात्रं ठरवताना त्याची पहिली परीक्षा झाली. त्यानं तलवारी, जादूच्या काठ्या, ढाली यांची सुंदर चित्रं काढून आणली होती. हेडबाईंनी ती बाजूला सारली. "मला उडता आलं पाहिजे. जिने चढून चढून हा गुडघा गेला माझा. यापुढे मी जिना चढणार नाही." त्यांचं पात्र झालं उडत्या बाई. कंडक्टरांना शस्त्र नको होतं. "माझा आवाज पुरे," ते म्हणाले आणि नमुना म्हणून "पुढे सरका" असं म्हणाले. पुढच्या खोलीतल्या बाकावरचे दोन पेशंट खरंच पुढे सरकले. त्यांचं पात्र झालं हाकारे.

"आणि तुम्ही, मास्तर?"

टेलर मास्तर बराच वेळ चित्रांकडे बघत राहिले. "मी शिंपीच."

"शिंपी हे पात्र चालेल, पण त्याचं नाव?"

"दुकानाच्या पाटीवर तेवढंच लिहिलंय. पुरतं."

मग गोष्ट सुरू झाली. गेममास्तरानं आठवडाभर खपून एक किल्ला रचला होता. किल्ल्याचं दार, दारावर पहारेकरी, आणि पहारेकऱ्याचं एक कोडं. ते सुटायला किमान दोन तास लागावेत असा त्याचा हिशेब होता. त्यानं पहारेकऱ्याचा घोगरा आवाज काढला, "थांबा. कोण आहे तिकडे?"

हेडबाई उठून उभ्या राहिल्या. "नाव काय तुझं?"

पहारेकऱ्याला नाव दिलेलं नव्हतं. गेममास्तर अडखळला.

"स्वतःचं नाव येत नाही? कितवीपर्यंत शिकलास?"

"सा... सातवी," पहारेकरी म्हणाला. आवाजातला घोगरेपणा कुठल्या कुठे गेला होता.

"शिकवायला कोण होतं तुला? शर्टाचं बटण लाव आधी. आणि ते दार उघड, माणसं ताटकळलीत."

पहारेकऱ्यानं दार उघडलं. गेममास्तरानं खाली बघितलं तर त्याचा स्वतःचा हात शर्टाच्या वरच्या बटणावर होता. दोन तासांचं कोडं सव्वा मिनिटात संपलं होतं आणि कुणी फासासुद्धा टाकला नव्हता.

टेलर मास्तरांनी त्या दिवशी फासा टाकला, पण डाव्या हातानं. दुसऱ्या रविवारीही डाव्या हातानं. गेममास्तरानं नियम काढला की डाव्या हातानं टाकलेल्या फाशाचे आकडे निम्मे धरायचे. टेलर मास्तरांनी मान डोलावली आणि निम्म्यावर सुखानं खेळत राहिले. त्यांचा शिंपी लहानसहान कामं करायचा. कुणाची झोळी शिवून दे, कुणाच्या तंबूला ठिगळ लाव. दहाच्या वर त्याला काही लागायचंच नाही.

तिसऱ्या रविवारी गेममास्तरानं सगळ्यांना झुलत्या पुलावर नेलं आणि पुलाची एक दोरी तोडली. हाकारे खाली लोंबकळायला लागले. उडत्या बाई किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला. जवळ फक्त शिंपी.

"दोरी सांधायची तर पंधरा पडायला हवेत," गेममास्तर म्हणाला.

टेलर मास्तरांनी डाव्या हातात फासा घेतला आणि थांबले. वीस पडले तरी निम्मे दहाच होणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"मास्तर," कंडक्टर घसा खाकरून म्हणाले, "मी लोंबकळतोय."

"लोंबकळा जरा," टेलर मास्तर म्हणाले. मग त्यांनी उजवा हात पोटापासून सुटा केला. बोटं एकेक करून उघडली, बंद राहून राहून बिजागऱ्या धरलेलं दार उघडावं तशी. फासा घेतला, मनगट वळवलं आणि टाकला. फासा काही घरंगळला नाही, जिथे पडला तिथेच बसला. सतरा.

कंडक्टरांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. आपला खांदा वर जात नाही हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. अर्ध्या दारातून बायको बघत होती. संध्याकाळी चहाबरोबर न मागता बिस्किटं आली.

पुढचा आठवडा गेममास्तर जमिनीवर नव्हता. ऑफिसात नकाशा काढता काढता त्यानं चौकाच्या कोपऱ्यात नकळत एक छोटा ड्रॅगन काढला. फिटर लोकांनी तो नव्या प्रकारचा वॉल्व्ह समजून तिथे चार फूट खणलं आणि विचारायला आले, "साहेब, शेपटीकडून उघडायचा की तोंडाकडून?" एरवी तो खजील झाला असता. त्या दिवशी मात्र त्याला फिटरांनी आपलं चित्र किती बारकाईनं पाहिलंय याचंच कौतुक वाटलं.

पण अभिमान चढत असतानाच घरात दुसरं काहीतरी चढत होतं, ते म्हणजे पेशंट. बातमी पसरली. आधी दोन बघे आले, मग पाच. मागच्या खोलीत खुर्च्या पुरेनात म्हणून पुढच्या खोलीतले बाक मागे गेले, आणि पुढच्या खोलीतले पेशंट उभे राहायला लागले, त्यातल्या एकाची तर कंबर धरलेली होती. हे एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच होती.

बायकोनं हेडबाईंना तपासलं, जिना चढायला-उतरायला लावला, आणि म्हणाली, "बाई, तुमचा गुडघा उत्तम आहे. आता यायची गरज नाही." पुढच्या रविवारी हेडबाई दारात हजर.

"आता काय?"

"डावा."

"डाव्याला काय झालं?"

"उजव्याचे इतके लाड झालेले बघून डाव्यालाही वाटायला लागलं."

कंडक्टरांना सुट्टी दिली तर त्यांनी खांद्याऐवजी मान पुढे केली. बायकोनं मान तपासली, मानेत काही नव्हतं. "आज नाही," कंडक्टर म्हणाले. "ती रविवारीच दुखते."

त्या संध्याकाळी बायकोनं नवऱ्याला समोर बसवलं. ती चिडली की आवाज चढवत नसे, उलट एकेक शब्द मोजून ठेवायची.

"बारा वर्षं मी हा दवाखाना चालवते आहे. माणसं येतात, बरी होतात, जातात. आता येतात, बरी होतात, आणि जातच नाहीत. ज्याला खरंच दुखतंय त्याला मला बसायला खुर्ची देता येत नाही."

"लोकांना आवडतंय पण," तो म्हणाला. (अभिमान लपवायचा प्रयत्न त्यानं केला होता. जमला नाही.)

"आवडतंय म्हणूनच सांगते. पुढच्या रविवारी गोष्ट संपव. ड्रॅगन मारायचा असेल तर मार. पण संपव."

 ती बरोबर बोलत होती आणि हे त्याला कळत होतं. त्यानं वही काढली आणि ड्रॅगनच्या मरणाची तयारी सुरू केली.

बुधवारी तो ऑफिसातून परतला तर टेलर मास्तरांची बायको ओट्यावर बसलेली. त्यांना आत यायचं नव्हतं.

"डॉक्टरबाईंकडे नाही, तुमच्याकडेच आलेय," त्या म्हणाल्या. "घरी ह्यांचा हात सगळं करतो हो. बरणीचं झाकण उघडतो, बादली उचलतो. दुकान मात्र उघडत नाहीत. कात्री समोर आली की हात खिशात."

"घाबरतात का?"

त्या ओट्यावर जरा सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "प्लास्टर निघालं ना, दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. कोटाचं कापड होतं एका गिऱ्हाइकाचं. बेतायला घेतलं आणि हात हलला. दोन बोटं तिरकं गेलं कापड. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक भांडलं असतं तर बरं झालं असतं. तो माणूस नुसता 'राहू दे मास्तर' म्हणाला, कापडाची घडी घातली आणि निघून गेला. तेव्हापासून शटर खाली आहे. मला सांगितलं नाही त्यांनी, शेजारच्या चष्मेवाल्याकडून कळलं."

त्या बाई गेल्यावर गेममास्तर बराच वेळ ओट्यावरच बसून राहिला. आपण दोन महिने त्या माणसाला झोळ्या आणि ठिगळं देत बसलो, आणि एका सतरा आकड्यावर छाती फुगवून फिरलो, हे त्याला फार लागलं. आत जाऊन त्यानं वहीतली ड्रॅगनच्या मरणाची अकरा पानं फाडली. अकरा वर्षांत त्यानं स्वतः लिहिलेलं पान फाडल्याचं हे पहिलं उदाहरण. मग टेलर मास्तरांच्या बायकोकडे निरोप पाठवला की रविवारी तुम्हीही या आणि पिशवीतून एक वस्तू आणा.

रविवारी खोली गच्च भरली होती. दवाखान्यात औषधं देणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता म्हणून बायको त्याच्याशी बोलत पुढच्या ओट्यावर होती. गेममास्तरानं नेहमीचा पुठ्ठ्याचा आडोसा काढून खाली ठेवला. लोकांना ते थोडं उघड्यावर आल्यासारखं वाटलं. त्यालाही वाटलं.

"ड्रॅगन सापडलाय," तो म्हणाला. "पण तो लढायला आलेला नाही. धरणाच्या भिंतीवर पडलाय. डावा पंख फाटलाय त्याचा, मुळापासून. त्याच्या वजनानं भिंतीला तडा गेलाय आणि खाली सगळं गाव आहे. तो उडाला नाही तर भिंत टिकत नाही."

उडत्या बाईंनी गाव रिकामं करायला घेतलं. हाकारेंनी दरीभर आवाज दिला. फासे पडले, काही चांगले, काही वाईट. पण ड्रॅगन जागचा हलेना. शेवटी सगळे टेलर मास्तरांकडे बघायला लागले.

"नवा पंख बेतावा लागेल," गेममास्तर म्हणाला.

टेलर मास्तरांनी उजव्या हातानं फासा उचलला. "किती पडायला हवेत?"

"फासा नाही, मास्तर. कापड."

टेलर मास्तरांच्या बायकोनं पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली. काळ्या मुठीची, जुनी, मोठी कात्री. टेलर मास्तरांनी ती ओळखली, बायकोकडे बघितलं, आणि त्यांचा हात खिशाकडे निघाला.

इथे गेममास्तराच्या लक्षात आलं की कापड राहिलंय. त्यासाठी त्यानं एक जुनी चादर काढून ठेवली होती, पण ती सकाळीच धुवायला गेली होती आणि आता मागच्या दोरीवर ठिबकत होती. थांबायला वेळ नव्हता, तो हात खिशात गेला असता तर परत निघाला नसता. त्यानं कपाट उघडलं, समोर दिसलेली हिरव्या कापडाची जाड घडी ओढली आणि टेबलावर पसरली.

टेलर मास्तरांनी नकळत कापडाला हात लावला. दोन बोटांत धरून चोळलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "माप काय?"

खेळणाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला गेममास्तराकडे उत्तर असावंच लागतं. "तीन मीटर लांब," त्यानं ठोकून दिलं.

"तीन मीटर कुठून? खांद्यापासून की बगलेपासून?"

"बगल... खांदा."

"नक्की सांगा. बगलेत कमी पडलं तर उडताना ओढ बसेल."

खोलीत कुणी हसलं नाही. गेममास्तरानं क्षणभर विचार केला, आणि मग त्याच्याकडे होतं ते एकमेव उत्तर दिलं. तो स्टुलावर चढला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

टेलर मास्तरांनी शर्टाच्या खिशातून टेप काढली. पाठोपाठ खडूचा एक झिजलेला तुकडाही निघाला. म्हणजे दुकान बंद असलं तरी ही दोन्ही रोज खिशात येत होती. त्यांनी ड्रॅगनचं माप घेतलं, खांदा, बगल, कोपर, मनगट. "श्वास सोडा," ते म्हणाले. ड्रॅगननं सोडला. "पोट राहू द्या तसंच. पंखात येत नाही ते."

मग त्यांनी कापडावर खडूनं रेघा ओढल्या. सरळ रेघ, वळण, पुन्हा वळण. कात्री उचलली. पाती कापडाशी नेली आणि तिथेच थांबले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

कंडक्टर तोंड उघडून काही म्हणणार होते, पण त्यांनी ते मिटलं. हेडबाई खुर्चीचा आधार न घेता उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या शाळेतल्या कुणी हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

टेलर मास्तरांनी तळहात पँटला पुसला आणि कात्री पुन्हा घेतली. या वेळी पाती कापडात शिरली. कर्रर्र, कर्रर्र, असा एकसारखा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. वळणावर ते थांबले नाहीत, कापड फिरवत गेले. मनगट वळत होतं, बोटं आपापलं काम करत होती, आणि ते स्वतः हाताकडे बघतसुद्धा नव्हते, खडूच्या रेघेकडे बघत होते. स्टुलावर हात पसरून उभ्या असलेल्या गेममास्तराचे खांदे भरून आले होते, पण तो हलला नाही. त्याला वाटत होतं, आपण हललो तर ते थांबतील.

शेवटचा काप झाला. टेलर मास्तरांनी पंख उचलून उजेडात धरला. रेघेला रेघ. कुठे केसभर फरक नाही.

"उडाला," गेममास्तर म्हणाला. त्याला पोटातला आवाज काढायचा होता, पण बारीकच निघाला.

आणि बायको आत आली.

तिनं टेबल बघितलं. पुढच्या खोलीत खाटांच्या मध्ये लावायला म्हणून तिनं चार दुकानं फिरून हिरवं जाड पडद्याचं कापड आणलं होतं, आणि त्याचा तुकडा आता ड्रॅगनच्या डाव्या पंखाच्या आकाराचा झाला होता. तिनं स्टुलावरच्या नवऱ्याकडे बघितलं. मग टेलर मास्तरांच्या हातातली कात्री बघितली, आणि बाकीचं सगळं सोडून ती त्यांच्याजवळ गेली.

"कात्री ठेवा. मनगट वाकवा. आता उलटीकडे. मूठ आवळा, माझी बोटं दाबा. जोरात." तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मास्तर, तुमची फाइल बंद करते मी."

"बाई, तुमचं कापड," टेलर मास्तर म्हणाले. त्यांना कुठल्याही कापडाकडे बघितलं की ते कशासाठी आणलंय हे कळत असावं. "उद्या दुकानात आणून द्या. जोडून देतो. सकाळी नऊला शटर उघडतं आमचं."

त्यांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि कुणी बघायच्या आत पिशवी आवरायला घेतली. टेलर मास्तर गेले तेव्हा हात पोटाशी नव्हता, चालताना तो दुसऱ्या हातासारखाच पुढे-मागे हलत होता.

"तू खाली उतर," बायको नवऱ्याला म्हणाली. सगळे गेल्यावर तिनं त्याचे दोन्ही खांदे दहा मिनिटं चोळून दिले. कापडाबद्दल ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सगळं बोलली. पण तो पडदा लागला. त्याला डाव्या अंगाला मोठी वळणदार शिवण आहे. नवा पेशंट आला की गेममास्तर ती दाखवायचं एखादं निमित्त काढतोच.

ती गोष्ट खरोखरच तिथे संपली. हेडबाईंचा डावा गुडघा आणि कंडक्टरांची मान एकाच आठवड्यात बरी झाली. रविवारची दुपार पुन्हा रिकामी झाली, पण या वेळी गेममास्तराला ती खुपली नाही. तो मनातल्या मनात स्टुलावर उभाच होता.

महिन्याभरानं टेलर मास्तरांचं बोलावणं आलं. रविवारी दुपारी दुकानात या, दोघं या. गेले तर कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती खुर्च्या मांडलेल्या. हेडबाई, कंडक्टर, शेजारचे चष्मेवाले, आणि टेबलाच्या टोकाशी, कोटाच्या अस्तराचा पुठ्ठा आडोशाला उभा करून, टेलर मास्तर बसलेले.

"आता गोष्ट मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही खेळायचं."

अकरा वर्षांत तो टेबलाच्या या बाजूला कधी बसला नव्हता. त्यानं आपल्यासाठी भलामोठा योद्धा घेतला. बायकोनं एक साधी वैद्य घेतली. गोष्ट सुरू झाली आणि तो ऐकतच राहिला. कमी बोलणारे टेलर मास्तर एकेक वाक्य बेतून टाकत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कधी नुसतं बघत राहायचं, सगळं अचूक. त्यातल्या कितीतरी जागा आपल्या आहेत हे त्याला ओळखू येत होतं, आणि त्या आपल्यापेक्षा बऱ्या लागताहेत हेही. अभिमानानं त्याचा ऊर असा काही भरून आला, की आपल्या योद्ध्याला त्यानं मागचापुढचा विचार न करता थेट अंधाऱ्या विहिरीत उडी मारायला लावली.

"फासा टाका," टेलर मास्तर म्हणाले.

एक पडला.

टेलर मास्तरांनी थोडा वेळ जाऊ दिला. "विहिरीला पाणी नव्हतं," ते हळूच म्हणाले.

खेळ सुरू होऊन सात मिनिटं झाली होती. मेलेल्या माणसाला टेबलाशी जागा नसते, म्हणून तो इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. रिकामं बसण्यापेक्षा म्हणून टेलर मास्तरांच्या बायकोनं त्याच्या मांडीवर एक उसवायची पँट ठेवली. तिकडे त्याच्या बायकोच्या वैद्यानं पहिल्याच फाशाला एकोणीस पाडून राजाचा पाय बरा केला होता.

चष्मेवाल्यांना त्याची दया आली. ते बायकोकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचे मिस्टर पहिल्यांदाच खेळतायत वाटतं?"

"हो," बायको फासा चोळत म्हणाली, "पण शिकतील."